जरा मोठ्यानं, डॉक्टर

मी बरी झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी उशाशी आत्ता त्याच गोळ्या असतील आणि त्या माणसाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नाही. क्षयरोग बरा होतो. औषधांना दाद न देणारा हट्टी क्षयरोगही बरा होतो. गोळ्या घ्या, अंडी खा, खात नसाल तर डाळ खा, आणि मधेच काही सोडू नका.

दुसरी गोष्टही आधीच सांगते. मी क्षमा केलेली नाही. आजारपणावर लिहिणारे लोक शेवटाकडे फार मोठ्या मनाचे होतात. आजारानं आपल्याला काय काय शिकवलं ते सांगतात आणि सगळ्यांचे आभार मानतात. मला आजारपणात ओठ वाचायला यायला लागले, कारण कान गेले. ते आजारानं नेले नाहीत. एका माणसानं नेले, आणि तो माणूस आजही पाम बीच रस्त्याजवळच्या एका रुग्णालयात रोज सकाळी राउंड घेतो.

त्याचं नाव लिहू नकोस, असं माझा वकील भाचा सांगतो. मग मी त्याला मृदुभाषी म्हणते. शब्द माझा नाही, त्याच्या मानपत्रातला आहे. लिहिताना मी त्याला अहो-जाहो करत नाही. तोंडावर अजून करते. सवय जात नाही.

निदान

वाशीच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये पुस्तकं लावत बसले होते तेव्हा खोकला सुरू झाला. पुस्तकांच्या धुळीवर आळ घेतला, मग तळोज्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वाऱ्यावर. वजन उतरलं तेव्हा शेजारणींनी कौतुक केलं आणि डाएट विचारलं.

निदानाच्या दिवशी मृदुभाषीच्या टेबलासमोर मी आणि माझा नवरा अरुण बसलो होतो. तो इतक्या हळू बोलतो की समोरच्याला पुढे वाकावंच लागतं. आम्ही दोघंही देवासमोर वाकावं तसे वाकलो. मोठ्या पदावरच्या माणसांची ही जुनी युक्ती मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाहिली होती. तरी वाकले.

"टीबी?" अरुण म्हणाला. "पण आम्ही बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही."

"हवेला पत्ता वाचता येत नाही," मृदुभाषी म्हणाला आणि हसला. मला ते वाक्य आवडलं होतं. अजूनही आवडतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

माझा क्षय नेहमीच्या औषधांना दाद देणारा नव्हता, म्हणून त्यानं दोन मार्ग सांगितले. एक, नुसत्या गोळ्या, पुष्कळ महिने. दुसरा, गोळ्यांच्या जोडीला रोज एक नवीन इंजेक्शन. ते अजून चाचणीत होतं, पण काम लवकर व्हायची शक्यता होती. "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला समजेल," तो म्हणाला.

आणि मला समजलं. न वाचता सही केली, इंग्रजी कळलं नाही, अशी माझी कहाणी नाही. मी सगळी पानं घरी आणून वाचली. त्यात लिहिलं होतं की या इंजेक्शनानं ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. पुढचं वाक्य असं होतं की कानांची नियमित तपासणी होईल आणि तक्रार आढळल्यास इंजेक्शन थांबवून नुसत्या गोळ्या दिल्या जातील. या दुसऱ्या वाक्यावर विसंबून मी सही केली. वर्षानुवर्षं मी मुलांना शिकवलं होतं की राज्य लेखी नियमांवर चालतं. मास्तर स्वतःच्या नोट्सवर विश्वास ठेवतात, तसा मी ठेवला.

लिफ्ट

सुरुवातीचे दिवस रुग्णालयात गेले. सकाळी इंजेक्शन, एक दिवस डाव्या कुल्ल्यावर, एक दिवस उजव्या. मग गोळ्यांची ओंजळ, मग मळमळ, मग बेचव उपमा, मग भीती. भीतीला ठरलेली वेळ नव्हती, पण उपम्यानंतर ती हमखास यायची. एक सिस्टर सुई टोचण्याआधी आपला तळवा घासून गरम करायची आणि त्या जागेवर क्षणभर ठेवायची. तिला असं कुणी शिकवलं नव्हतं. त्या सगळ्या इमारतीत मला जे काही माणुसकीचं मिळालं ते त्या तळव्याएवढं होतं, आणि ते मी विसरणार नाही.

माझ्यापासून कुणाला लागण होणार नाही असं सांगून घरी सोडलं. सोसायटीचे सेक्रेटरी साळवीकाका यांना मात्र वैद्यकशास्त्राचं हे मत मान्य नव्हतं. लिफ्टच्या दाराशी सूचना लागली: 'आजारी सभासदांनी जिन्याचा वापर केल्यास आरोग्यास लाभ होतो.' आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. मी लिफ्टनंच जात राहिले. साळवीकाका आत असले तर पाठ भिंतीला टेकवून, श्वास रोखून उभे राहायचे. सातव्या मजल्यापर्यंत त्यांचा रंग बदललेला असायचा. मी मुद्दाम हळू उतरायचे.

इंजेक्शनासाठी रोज सकाळी रुग्णालयात जावं लागे. तिथल्या बाकावर कमळाबाई भेटली. द्रोणागिरीच्या बाजूच्या गावातली, नेरुळच्या बाजारात मासे विकणारी. तिचं इंजेक्शन माझ्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुरू झालं होतं.

"बाय, तुमी काय करता?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"शिकवायचे. राज्यशास्त्र."

"म्हंजे राजकारन. मंग इलेक्शनला उब्या का नाय रायल्या?"

"कुणी मत दिलं नसतं."

"त्या बी खरा हाय," ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली.

प्युरिफायर

आमच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा नळ उघडला की ते एक रडकी धून वाजवतं. घेतल्या दिवसापासून मला त्या धुनेचा तिटकारा होता. एकदा दुपारी नळ उघडला आणि धून वाजली नाही. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशीही वाजली नाही, तेव्हा यंत्रच बिघडलं असेल, पाणी नीट गाळलं जातंय की नाही, अशी शंका आली. मेकॅनिकला बोलावलं.

त्यानं नळ उघडला, बंद केला, परत उघडला. माझ्याकडे बघितलं, मग अरुणकडे.

"मॅडम, वाजतंय की."

मी अरुणकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्याला ती धून रोज ऐकू येत होती. मी टीव्ही मोठा करत होते, फोन उचलत नव्हते, हे तो किती दिवस बघत होता मला माहीत नाही. आजारी बायकोला आणखी एक गोष्ट सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मेकॅनिकनं पैसे घेतले नाहीत.

त्याच्या कितीतरी आधीपासून कानात एक बारीक शिटी वाजायची. ती मी मृदुभाषीला सांगितली होती, तीनदा तरी. अशक्तपणामुळे होतं, असं तो म्हणाला होता.

तपासणी

नियमानुसार कानांची तपासणी दर महिन्याला, आवाज आत न येणाऱ्या वेगळ्या खोलीत, यंत्रावर व्हायला हवी होती. ती खोली मी शोधून काढली. दाराच्या काचेतून आत बघितलं तर कार्यक्रमांचे गुंडाळलेले फलक, प्लास्टिकच्या फुलदाण्या आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या. यंत्र दुरुस्तीला गेलंय, असं उत्तर मिळालं. दर महिन्याला तेच उत्तर.

त्याऐवजी मृदुभाषी स्वतःच तपासायचा. मी समोर खुर्चीत, तो टेबलामागे. मास्क हनुवटीवर ओढून, प्रेमानं, हळू आवाजात विचारायचा, "आवाज येतो ना?"

आता आपल्याकडे डॉक्टरांनी 'येतो ना' म्हणून विचारलं की माणूस काय करतो? मान डोलावतो. डॉक्टर, गुरुजी, पोलीस, यांच्या 'ना'ला नकार देणं आपल्या मानेला जमत नाही. बाकावरचे सगळे आत जाऊन मान डोलावून यायचे, आणि ती डोलावलेली मान 'श्रवण उत्तम' म्हणून नोंदली जायची.

मी डोलावली नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, मी तुमचे ओठ वाचते आहे. तुम्ही मास्क वर करून विचारा."

तो हसला. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांकडे वळून काहीतरी म्हणाला. बाजूनं ओठ अर्धेच दिसतात, पण तेवढं पुरेसं होतं. "मॅडम साहित्यिक आहेत," असं तो म्हणाला होता. शिकाऊ डॉक्टरही हसले.

त्यानं इंजेक्शन का थांबवलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुष्टपणा हे कारण सोपं पडलं असतं. मला वाटतं, त्याला माणसं हवी होती, चाचणी पूर्ण करणारी. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कान बिघडले की चाचणीच थांबवावी लागते, हेही त्या पानांत लिहिलं होतं. मग सोपा उपाय कोणता? यंत्र दुरुस्तीला पाठवायचं. शिटी वाजते म्हणणाऱ्याला अशक्त ठरवायचं. क्षय बरा होतोच आहे, कान थोडे कमी झाले तर काय बिघडलं, हा त्याचा हिशेब असावा. हिशेब कदाचित बरोबरही असेल. पण तो करायचा अधिकार माझा होता. सही करताना मी छाती दिली होती. कान मी राखून ठेवले होते.

माझी सगळी इंजेक्शनं पूर्ण झाली. थुंकीत जंतू राहिले नाहीत, गोळ्यांचे उरलेले महिने तेवढे पुरे करायचे होते. त्या दिवशी मृदुभाषीनं माझे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं. मास्क वर होता. काय म्हणाला, मला माहीत नाही.

घरात

मग कान मात्र दुसरीकडे जाऊन तपासले. तिथली बाई चांगली होती. तिनं कागदावर लिहून दाखवलं: 'हे परत येणार नाही.' कानात घालायचं मशीन घेतलं. त्यानं आवाज मोठा होतो, शब्द होत नाहीत. चार माणसांत नुसती खरखर ऐकू येते.

अरुण हळू बोलला तर मला कळत नाही आणि मोठ्यानं बोलला तर चिडल्यासारखा दिसतो, मग मी चिडते. आता आम्ही भांडणं मोबाइलवर टाइप करून करतो. दोघांचं शुद्धलेखन सुधारलं आहे. त्याचा मुद्दा एकच असायचा: 'जीव वाचला ना?' मी लिहायचे: 'वाचला. म्हणूनच राग धरायला कुणीतरी शिल्लक आहे.'

रुग्णालयाच्या नीतिसमितीकडे मी तक्रार केली. नियमांची कलमं, तारखा, सगळं. उत्तर आलं की आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. मी भावना लिहिल्याच नव्हत्या. लिहिल्या असत्या तर तो कागद पेटला असता.

गोळ्या चालू होत्या, त्या आणायला मी महिन्यातून एकदा त्याच बाकावर जायचे. तिथे एकदा कमळाबाईनं माझी बाही ओढली. समोर आली, मास्क खाली केला. माझ्याशी कसं बोलायचं हे तिला न सांगता कळलं होतं.

"बाय, माझे कानान शिटी वाजते."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगलं. बोलला, कमजोरी हाय. मी बोलले, मना सुई नको. त बोलला, मधी सोडलंस त गोल्या लागू पडनार नाय, मरशील."

"गिऱ्हाईक बोलतं ते ऐकू येतं?"

"बाया बोलतान त्या कमी आयकू येते. बाप्ये बोलतान त्या आयकू येते." ती थांबली. "त बायाच मासली घेतान ना, बाय."

माझं असंच सुरू झालं होतं, आधी बारीक आवाज गेले. म्हणजे हिचे कान अजून वाचण्यासारखे होते, पण रोज सकाळी एक सुई त्यातलं थोडं थोडं नेत होती. मी आत गेले, मृदुभाषीला म्हटलं, तिची तपासणी करा, इंजेक्शन थांबवा, लेखी नियम आहे. तो मला काहीतरी हळू म्हणाला. मास्क वर ठेवूनच.

सत्कार

त्याच सुमाराला साळवीकाका घरी आले. आमच्या भागातल्या नागरिक मंडळाचेही तेच अध्यक्ष. सेवाव्रती डॉक्टर म्हणून मृदुभाषीचा जाहीर सत्कार ठरला होता आणि व्यासपीठावर एक बरा झालेला रुग्ण हवा होता.

"मॅडम, तुम्ही म्हणजे आमच्या सोसायटीची शान. रुग्णांच्या वतीनं दोन शब्द बोला."

"जिन्यानं येऊ की लिफ्टनं?" मी विचारलं.

काका फार वेळ हसले.

ते गेल्यावर अरुणनं टाइप केलं, 'तू तिथे तमाशा करणार. त्यानं तुझा जीव वाचवलाय.'

मी लिहिलं, 'वाचवला. आणि कान घेतले. दोन्ही खरं. सत्कार एकाचाच आहे.'

त्यानं चष्मा पुसून ते परत वाचलं. मग लिहिलं, 'कमळाबाईंना कुठून आणायचं?' आणि गाडीची किल्ली घेतली.

समारंभ व्हायचा तसा झाला. पंख्यामुळे समई पेटेना, पंखा बंद केल्यावर पेटली आणि सगळे घामाघूम झाले. शाल, श्रीफळ, चौकटीतलं मानपत्र. ते माझ्या खुर्चीतून वाचता येत होतं: मृदुभाषी, कनवाळू, रुग्णांचा कैवारी. खरखर नको म्हणून मी कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं होतं. शेवटच्या रांगेत अरुणशेजारी कमळाबाई बसली होती, नवी साडी नेसून.

माझं नाव पुकारलं गेलं असावं, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माइक घेतला.

"मला भाषण जमणार नाही," मी म्हटलं. "माझाच आवाज मला ऐकू येत नाही. डॉक्टरांना फक्त एक प्रश्न विचारते. तुमच्या नव्या इंजेक्शनानं माझे कान गेले. असं कुणाचं व्हायला लागलं तर इंजेक्शन थांबवायचा नियम आहे. तुम्ही ते थांबवता ना?"

'ना' मी मुद्दाम लावला.

त्यानं स्मित केलं, दुसरा माइक तोंडाशी घेतला आणि काहीतरी बोलला. अरुणनं नंतर सांगितलं: हा तांत्रिक विषय आहे, आपण ओपीडीत बोलू.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "माइक खाली घ्या. ओठ दिसू देत."

तो परत बोलला.

"ऐकू आलं नाही, डॉक्टर. जरा मोठ्यानं."

लोक हसले. ते हसणं मला दिसलं, आणि कुठे थांबलं तेही दिसलं. साळवीकाका माइक घ्यायला उठले. "काका," मी म्हटलं, "लिफ्टमध्ये ठेवता तेवढंच अंतर ठेवा." ते बसले.

"मागे कमळाबाई बसल्यात," मी म्हटलं. "त्यांच्या कानात शिटी वाजते आणि तुम्ही त्यांना रोज सुई देता. त्यांची कधी बंद करणार?"

त्याचे ओठ हलले. तितक्यात सगळ्यांच्या माना मागे वळल्या. कमळाबाई उभी राहिली होती. ती काय म्हणाली तेही अरुणनंच सांगितलं. "मना पन नाय आयकू आला. डागदर, जोरान बोल. बाजारान बोलतान तसा."

मृदुभाषीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुढे वाकायला कुणीच तयार नव्हतं. मग त्याची मान ताठ झाली, शाल खांद्यावरून घसरली आणि तोंड इतकं मोठं उघडलं की मला प्रत्येक अक्षर दिसलं. "उद्यापासून बंद करतो."

"आणि गोळ्या?"

"नुसत्या गोळ्या देतो."

"आणि बाकीच्यांचे कान? यंत्रावर?"

"यंत्रावर तपासतो."

मी माइक ठेवला आणि नमस्कार केला. संस्कार आहेत.

नंतर

दुसऱ्या दिवशी मी आणि अरुण कमळाबाईबरोबर बाकावर जाऊन बसलो. सुई दिली गेली नाही. गोळ्यांची वेगळी पाकिटं मिळाली. त्या आठवड्यात खुर्च्या आणि फुलदाण्या बाहेर आल्या, यंत्रही दुरुस्त होऊन आलं. फार लांब गेलं नसावं. आणखी काही जणांची इंजेक्शनं थांबली. चाचणी पुढे चालू आहे की नाही, मला कुणी कळवत नाही.

कमळाबाईचे कान जिथे होते तिथे थांबले. क्षय बरा होत आला आहे. गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला की तिला अजिबात ऐकू येत नाही. बरोबर भाव सांगितला की येतं. डॉक्टरांनाही हे कोडं आहे.

तुम्ही त्या बाकावर बसला असाल तर एवढंच सांगते. स्वतःच्या मनानं औषध सोडू नका, पण डॉक्टरांपुढे मानही डोलावू नका. ऐकू आलं नाही तर ऐकू आलं नाही म्हणा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. ते कितीही प्रेमानं 'ना' म्हणाले तरी.

मी अजूनही गोळ्यांच्या निमित्तानं ओपीडीत जाते. मृदुभाषी 'कशा आहात' विचारतो. मी 'ऐकू आलं नाही' म्हणते. बाहेरच्या बाकापर्यंत पोचेल एवढा आवाज त्याला काढावा लागतो. हे मी गोळ्या संपल्यावरही चालू ठेवणार आहे.

एक गोष्ट राहिली. सत्काराच्या दिवशी हॉलबाहेर गाडीत बसल्यावर मी अरुणला विचारलं, "खरंच ओरडला का तो?"

त्यानं टाइप केलं, 'ओरडला. आवाज चिरकला. सगळा हॉल गप्प.'

"कसा चिरकला? करून दाखव."

अरुणनं आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. त्यानं काचा वर केल्या. चष्मा काढला. स्टिअरिंग घट्ट धरून तोंड उघडलं. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. फाटकाजवळचा वॉचमन दचकून आमच्याकडे बघायला लागला. जो आवाज काढायला मी त्या माणसाला भाग पाडलं, तो त्या सभागृहात एकटी मीच ऐकू शकले नव्हते. आताही गाडीत शांतता होती.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "अजून मोठ्यानं."

अरुणनं खोल श्वास घेतला आणि परत तोंड उघडलं.